लॅपटॉप बिघडला? दुकानात नेण्याआधी घरीच हे बघा

पावसाळ्यात दमट हवा आणि ये-जा करणारी लाईट, दोन्हींचा लॅपटॉपला त्रास होतो.

चालू होत नसेल तर: चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून बघा.

तापत असेल तर: गादीवर ठेवू नका, खालची जाळी मोकळी ठेवा.

भिजला तर: लगेच बंद करा. चालू करून बघू नका, ओलं सर्किट जळतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तसा गाळ आत गेला असेल तर नुसतं वाळवून भागत नाही. कारागिराकडून साफ करून घ्या.

बॅटरी फुगली तर: चार्जिंग थांबवा, टोचू नका, पेट घेऊ शकते.

विजा चमकताना प्लग काढा. दाखले, सातबारा, फोटो पेनड्राइव्हवरही ठेवा.