पिंपरीच्या मातीतले औषध

'प्रतिजैविक' हा शब्द युद्धाचा सूर लावतो. आम्हांला मात्र वाटते, की या औषधांचे मर्म संहारापेक्षा ओळखीत आहे. पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखते. माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, म्हणून त्या बचावतात. मूत्रपिंडे हे औषध इतक्या झपाट्याने, बहुतांशी जसेच्या तसे बाहेर टाकतात, की १९४१ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून वापरले होते.

या दुर्मिळ द्रव्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स'ची स्थापना झाली. पण तिथला स्वतंत्र शोध वेगळाच. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्थानिक मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक सापडले. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. औषध 'हॅमायसिन', म्हणजे कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. आणि सूक्ष्मजीव 'स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना'. गावाचे नाव लॅटिन प्रत्यय लेवून शास्त्रात गेले, याचे आम्हां भाषेच्या माणसांना अप्रूप.

इथे ओळख पटवणे मात्र अवघड. बुरशी जीवाणूंपेक्षा आपल्या जवळच्या नात्यातली. हॅमायसिन तिच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला भोके पाडते. आपल्या पटलातले कोलेस्टेरॉल त्याच एर्गोस्टेरॉलचे भावंड. त्यामुळे औषधाची थोडीफार गफलत होते, आणि आपल्याही पेशी दुखावतात. रक्तातून देण्यासाठी म्हणूनच ते धोक्याचे. त्याचा उपयोग मुख्यतः त्वचेवर आणि तोंडात वरून लावण्यापुरता राहिला.