घरीं बांधलेलीं विमानें आणि त्यांचीं दुमडतीं चाकें

पक्षी जमीन सोडतांच पाय पोटाशीं घेतो. मनुष्याच्या विमानाला हें साधावयास कित्येक वर्षें लागलीं. १९०३ सालीं राइट बंधूंचें विमान उडालें, त्याला चाकें नव्हतींच. तें रुळावरून सुटलें आणि लांकडी घसरपट्ट्यांवर उतरलें. पुढें चाकें आलीं, पण तीं हवेंत तशींच लोंबत राहत. विमानें मंदगति होतीं तोंपर्यंत याचें कोणास फारसें वाटलें नाहीं. परंतु विमानाची गति दुप्पट झाली, कीं वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. वेग वाढूं लागला, तशीं हीं उघडीं चाकें विमानकर्त्यांच्या डोळ्यांत सलूं लागलीं.

१९२० सालीं फ्रान्समधील गॉर्डन बेनेट शर्यतींत उतरलेल्या डेटन-राइट या अमेरिकन विमानाचीं चाकें वैमानिक हातानें दांडा फिरवून आंत ओढून घेई. १९३३ सालीं इंग्लंडांत एअरस्पीड कंपनीचें ‘कूरियर’ हें विमान उडालें. टिल्टमन यांनीं त्याची आंखणी केली होती. कादंबरीकार नेव्हिल शूट हेही त्या कंपनीच्या संस्थापकांपैकींच होते. ‘कूरियर’चीं चाकें तेलाच्या दाबानें वर जात. यामागचें तत्त्व जुनेंच होतें. कोंडलेल्या द्रवाला एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोंचतो, हें पास्कलनें सतराव्या शतकांत दाखविलें. १७९५ सालीं जोसेफ ब्रामा यानें त्याच तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पंपानें नळींत तेल रेटावें, त्या तेलानें नळकांड्यांतील दट्ट्या सरकवावा आणि दट्ट्यानें चाकाचा पाय दुमडावा, एवढीच ही युक्ति. मोठ्या कारखान्यांनीं ती लवकरच आत्मसात केली.

घरीं विमान बांधणाऱ्यांची परंपरा मात्र निराळ्या वाटेनें चालली होती. फ्रान्समध्यें आंरी मिन्ये यानें १९३३ सालीं ‘पू-द्यु-सिएल’ हें चिमुकलें विमान उडविलें. साधें सुतारकाम जाणणाऱ्या कोणासही तें बांधतां यावें, अशी त्याची दृष्टि होती. चाकें अर्थातच पक्कीं, न दुमडणारीं. अमेरिकेंत पॉल पोबेरेझ्नी यांनीं १९५३ सालीं मिलवॉकी येथें हौशी विमानकर्त्यांची संघटना स्थापन केली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत काचतंतु आणि राळ यांचे तयार भाग पेट्यांतून घरपोंच येऊं लागले. टॉम हॅमिल्टन यांचें ‘ग्लासेअर’ आणि लान्स नायबाउअर यांचें ‘लँकेअर’ यांचा प्रसार याच काळांतला. हीं विमानें वेगवान, आणि वेगासाठीं त्यांतील अनेकांना दुमडतीं चाकें होतीं. अशा रीतीनें कारखान्यांतील तेलदाबाचें यंत्र घराच्या गॅरेजमध्यें येऊन पोहोंचलें. पण कारखान्यांतील तपासनीस त्याच्याबरोबर आले नाहींत.

अडचणींचें मूळ बहुधा क्षुल्लक दिसतें. दट्ट्याभोंवतीं रबराचें एक बारीक कडें असतें. त्याला ओ-रिंग म्हणतात. नील्स क्रिस्टेनसेन या मूळच्या डॅनिश कारागिराला अमेरिकेंत त्याचें पेटंट १९३९ सालीं मिळालें. या कड्याला ओरखडा पडला, कीं तेल झिरपूं लागतें. कित्येक लहान विमानांत वर गेलेलीं चाकें आंकड्यानें अडकविलेलीं नसून केवळ तेलाच्या दाबानें धरून ठेवलेलीं असतात. दाब उतरला, कीं विजेचा पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो. थोड्याशा गळतीनेंही हा पंप वारंवार चालूं लागतो, तापतो आणि ऐन वेळीं दगा देण्याचा संभव वाढतो. विमानाच्या तांबड्या खनिज तेलाऐवजीं कोणी मोटारीच्या ब्रेकचें तेल ओतलें, तर तें या रबराला मानवत नाहीं. कडें फुगून निकामी होतें. सांधा गळूं नये म्हणून गुंडाळलेल्या फितीचा तुकडा आंत शिरला, तर झडप अडते. नळींत हवा राहिली, तर दट्ट्याऐवजीं तीच दाबली जाते आणि चाकांची हालचाल ढिली पडते.

आणखी एक गोष्ट फसवी आहे. विमान जॅकवर उचलून चाकें वर-खालीं करून पाहण्याची पद्धत आहे, व ती आवश्यकच आहे. पण तेथें वारा नसतो. पुढचें चाक मागें दुमडणारें असेल, तर बाहेर येतांना त्याला समोरच्या वाऱ्याशीं झगडावें लागतें. जमिनीवर खटकन बसणारें चाक आकाशांत अर्ध्यावर थांबूं शकतें.

चाकें न उघडतां विमान पोटावर उतरलें, तर पंखा वांकतो, इंजिन उघडून तपासावें लागतें, पोट खरवडून निघतें. परंतु धांवपट्टीवर नीट उतरविलें, तर आंतील माणसें बहुधा वांचतात. खरा धोका वेगळाच आहे, आणि एका मोठ्या विमानाच्या अपघातानें तो स्पष्ट दाखविला. २९ डिसेंबर १९७२ रोजीं ईस्टर्न एअरलाइन्सचें एक विमान रात्रीं मायामीजवळ आलें असतां पुढच्या चाकाचा दिवा लागेना. चालकमंडळी त्या दिव्यांत गुंतली आणि विमान हळूहळू खालीं जात आहे, हें कोणाच्या वेळेवर ध्यानांत आलें नाहीं. तें दलदलींत कोसळून १७६ पैकीं १०१ माणसें प्राणास मुकलीं. चाक खालीं आलेलेंच होतें; दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते. अनुभवी वैमानिकांची जेथें ही गत झाली, तेथें एकट्यानें उडणाऱ्या हौशी माणसाचें लक्ष किती सहज ढळेल, याची कल्पना करावी.

यावर दोन उत्तरें निघालीं. पहिलें साधेपणाचें. बर्ट रुटान यांनीं १९७५ च्या ‘व्हेरीईझी’ विमानांत मुख्य चाकें पक्कीं ठेवून केवळ पुढचें चाक हातानें दुमडण्याची सोय केली. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या ‘आर-व्ही’ मालिकेंतील विमानांचीं चाकें तर पक्कींच. तरीही तशीं दहा हजारांहून अधिक विमानें घरोघर बांधून उडविलीं गेलीं आहेत. दुसरें उत्तर वेग सोडावयास तयार नसलेल्यांचें. एक झडप उघडली, कीं कोंडलेलें तेल मोकळें होतें आणि चाकें स्वतःच्या वजनानें व स्प्रिंगच्या मदतीनें खालीं येतात. पण ही वाट वर्षानुवर्षें चोखाळली नाहीं, तर गरजेच्या वेळीं तीही बंद सांपडावयाची. म्हणून पुरेशा उंचीवर तिची वेळोवेळीं परीक्षा घ्यावी लागते.

कारखान्यांत एकानें केलेलें काम दुसरा तपासतो. घरीं मात्र बांधणारा, तपासणारा आणि उडविणारा एकच असतो. हें ओळखूनच पोबेरेझ्नींच्या संघटनेनें अनुभवी सभासदांना तांत्रिक सल्लागार नेमून बांधणाऱ्याच्या घरीं जाऊन काम पाहण्याची प्रथा घातली. स्वतःच्या हातच्या सांध्यांतील गळती स्वतःच्या डोळ्यांस दिसतेच असें नाहीं. शेजाऱ्याला ती दिसते.