ताश्कंदचं स्थानक आणि नाणेघाटाचं लेणं

आज सुरुवात थोडी लांबून करतो. ताश्कंदची मेट्रो १९७७ साली सुरू झाली. मध्य आशियातली ती पहिली. १९६६च्या भूकंपात शहराची मोठी पडझड झाली होती, म्हणून स्थानकं धक्के सोसतील अशी बांधली. अणुहल्ल्याच्या वेळी आसरा म्हणूनही त्यांचा विचार होता, त्यामुळे २०१८पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती. तरीही आत संगमरवर, झुंबरं, नक्षी! रोज ये-जा करणाऱ्या माणसाला राज्य आपली ओळख दाखवत होतं.

आता जुन्नरहून नाणेघाटात या. कल्याण-सोपाऱ्याकडून आलेला माल याच घाटाने देशावर चढायचा. चढ संपता संपता खडकात कोरलेली खोली लागते. दमलेला वाटसरू बसणार कुठे? इथेच. आणि बसला की समोर काय? भिंतींवर सातवाहनांचा ब्राह्मी लेख, सामान्यतः नागनिका राणीचा मानला जाणारा. त्यात यज्ञांची यादी, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांचे आकडे. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या प्रतिमा. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा अशी परंपरा सांगते. म्हणजे विश्रांती आणि राज्याची जाहिरात, दोन्ही एकाच छताखाली.

पण पुढचं बघा. ताश्कंदला लेनिन चौकाचं स्थानक होतं. देश स्वतंत्र झाला, स्थानक तेच राहिलं, नाव बदलून ‘मुस्ताकिल्लिक मैदानी’, म्हणजे स्वातंत्र्य चौक झालं. नाणेघाटात उलटं झालं. प्रतिमा गेल्या, कुठे नुसते पाय उरले. वर कोरलेली नावं मात्र राहिली. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं आपण तिथूनच वाचतो.

आणि राज्याच्या बडेजावापलीकडे वाटेला लागतं ते पाणी. नाणेघाटातच सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाकं दिल्याचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. मानमोडीला महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ‘वर्ष ४६’मध्ये टाकं आणि मंडप दिला. नहपान शकांच्या क्षहरात घराण्यातला, आणि शक मूळचे मध्य आशियातले. ज्या प्रदेशातून आज आपण सुरुवात केली, तिथली माणसं अशी आपल्या तालुक्यात येऊन पोचली होती.

‘परके’ आणि ‘आपले’ हा हिशोब आपण फार पटकन मांडतो. खडक तो मांडत नाही. त्यावर एवढंच लिहिलंय, की कुणी काय दिलं. पुढच्या वेळी नाणेघाटात गेलात, तर रांजणापाशी फोटो जरूर काढा. पण आधी टाक्यांपाशी दोन मिनिटं थांबा. आणि भिंतीवर स्वतःचं नाव कोरू नका. तिथे आधीच फार महत्त्वाची नावं आहेत.