डोलकाठी कुणाच्या झाडाची?

विंडसर्फिंगच्या डोलकाठीवर कार्बनचं प्रमाण छापलेलं असतं. कार्बन जितका जास्त, तितकी काठी हलकी आणि महाग. प्रत्येक शिडाला ठरावीक लांबीची, ठरावीक वाकाची काठी लागते. ती चुकली तर शीड नीट ताणलं जात नाही. जोडात वाळू राहिली की काठीचे दोन तुकडे एकमेकांत अडकून बसतात, म्हणून गोड्या पाण्याने धुवायची. हे सगळं मी वाचलं दीपनगरला बसून. इथे वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत, जवळ तापी आहे आणि समुद्र शेकडो किलोमीटर लांब.

पण काठी आणि शिडाचा हा हिशोब आपल्याकडे जुना आहे. अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमारात मुख्यतः गुराबा आणि गलबतं असत. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी दोन्हींचं वर्णन केलंय. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. गलबत त्याहून लहान, सहसा ७० टनांच्या आतलं. मोठ्या डोलकाठीवर एकच भलंथोरलं त्रिकोणी शीड, आणि ते चढवलं की त्याचं टोक डोलकाठीच्याही वर जायचं. शीड एका लांब तिरक्या काठीला बांधलेलं असल्यामुळे उंच शिडासाठी तितकीच उंच डोलकाठी शोधावी लागत नसे. मला हे डिझाइन फार आवडतं. वारा पडला तर ४०-५० वल्ही होतीच.

तरी लाकूड लागायचंच. ते कुठून आणायचं, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आहे. त्यातला आंब्या-फणसाचा भाग शिवाजी महाराजांचा हुकूम म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो. तुम्हालाही आला असेल. प्रत्यक्षात आज्ञापत्र १७१५च्या सुमाराचं, महाराजांच्या निधनानंतर जवळजवळ ३५ वर्षांनी लिहिलेलं. पंत महाराजांच्या अष्टप्रधानांत होते, त्यामुळे विचार तिथूनच आला असेल तर नवल नाही. पण फॉरवर्ड करताना लिहिणाऱ्याचं नाव खाऊ नये.

पंत म्हणतात, आरमाराला फळ्या, डोलकाठ्या यांसाठी मोठं लाकूड लागतं. राज्यातल्या रानातलं सागवान परवानगी घेऊन तोडावं. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती नको. लढाऊ जहाजाच्या सामानाच्या यादीत, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसाच्या परसातला फणस धरलेला आहे!

देखभालीबद्दलही ते नेमकं सांगतात. पावसाळ्याच्या काही दिवस आधीच आरमार छावणीला न्यावं, तेही किल्ला असलेल्या बंदरात. दरवर्षी एकाच बंदरात नको, कारण कितीही धाक घातला तरी आरमारी लोकांचा गावाला त्रास होतोच.

किल्ल्याच्या आसऱ्याचा हा नियम फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गला कामी आला नाही. जमिनीवर पेशव्यांची फौज, समुद्रात इंग्रज. तुळाजी आंग्र्यांची जहाजं तटाखाली एकमेकांना खेटून उभी होती. एक तोफगोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला. ते जहाज इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं होतं. तिथे लागलेली आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली आणि आरमार किल्ल्याच्या पायथ्याशीच जळून गेलं.