प्रकाश आणि द्रव्य

अमूर्त कलाकृतीपुढे उभा राहिलेला प्रेक्षक बहुधा पहिला प्रश्न विचारतो, तो ‘हे कशाचे चित्र?’ असा, आणि उत्तर मिळाले नाही म्हणजे कलावंतास दोष देतो. या कलेचा इतिहास पाहिला असता विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे असे दिसून येईल : येथे द्रव्य कोणते, आणि प्रकाश त्यावर काय घडवितो?

रेम्ब्रांटच्या चित्रात मुखावर पडलेला उजेड हा कुंचल्याने निर्मिलेला आभास होय. विसाव्या शतकात काही कलावंतांनी प्रत्यक्ष प्रकाशालाच कामास लाविले. नाउम गाबो याने १९१९-२० च्या सुमारास मॉस्कोत एक पोलादी सळई विजेच्या यंत्राने कंपित केली. स्थिर असता ती केवळ सळई; हलू लागताच तिच्या जागी पारदर्शक लाटेसारखा घनाकार भासतो. हंगेरीत जन्मलेल्या मोहोली-नॉज याने पॅरिसमध्ये १९३० साली मांडलेल्या यंत्रशिल्पात झिलईदार धातूच्या सच्छिद्र चकत्या व काच फिरत असत. भिंतींवर सरकणाऱ्या छाया आणि कवडसे हाच त्या शिल्पाचा खरा विस्तार. त्याच वर्षी त्याने या छायाप्रकाशावर चित्रपटही काढला.

चित्रफलक तर हलत नाही. मग तेथे हे कसे साधावे? याचे उत्तर नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय घराण्यातील वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत सापडते. १९६० नंतरच्या दशकांत ते रोलर व सुरीसारख्या पात्याने तैलरंगाचे थर चढवीत आणि काही ठिकाणी ते काढूनही घेत. खालचा रंग वरच्या थरातून झिरपतो आणि फलक आतून उजळल्यासारखा वाटतो. आपल्या कलेस ‘अमूर्त’ म्हणणे त्यांना मान्य नव्हते. ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाची संज्ञा त्यांना अधिक रुचे.

शिक्षकांच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निष्पन्न होते. छापील पानावर गायतोंड्यांच्या थरांची खोली हरपते आणि गाबोचे शिल्प गोठून जाते. अशा पानावरून विद्यार्थ्यास या कलेबद्दल मत बनवू देणे म्हणजे स्वरलिपी वाचून गायकाची परीक्षा करण्यासारखे आहे. मूळ कृती दाखविणे शक्य नसेल, तर निदान काचेचे भांडे उन्हात फिरवून भिंतीवरचा कवडसा आधी दाखवावा, आणि मगच पुस्तकातील पान उघडावे.