दान कीं देणें?

श्रीमंत राष्ट्रानें गरीब राष्ट्रास पैसा दिला म्हणजे त्यास दान म्हणावें, अशी जगाची रीत आहे. देणाराच्या पदरीं औदार्य, घेणाराच्या पदरीं कृतज्ञता. मूळ हिशेब काय होता हें कोणी विचारीत नाहीं. या रीतीस एक ठळक अपवाद सन १९९० मध्यें लंडन येथें घडला. आज हवामानबदलाच्या प्रत्येक परिषदेंत, पैसा कोणीं द्यावा आणि तंत्रज्ञान कोणीं कोणास शिकवावें, यावर रात्री जागविल्या जातात. अशा वेळीं तें जुनें प्रकरण वाचकांपुढें मांडावें असें आम्हांस वाटतें.

क्लोरोफ्लुओरोकार्बन ही वायूंची जात अमेरिकन रसायनज्ञ टॉमस मिजली यानें १९२८ च्या सुमारास पुढें आणली. तत्पूर्वीं फ्रीजमध्यें अमोनिया, सल्फर डायॉक्साइड असले विषारी वायु वापरीत, व ते गळून माणसें दगावत. हा नवा वायु जळतहि नसे व बाधतहि नसे. १९३० सालीं मिजलीनें तो शास्त्रज्ञांच्या सभेंत छातींत भरून घेतला व त्याच श्वासानें मेणबत्ती विझवून दाखविली. पुढें १९७४ मध्यें मोलिना व रोलंड यांनीं सिद्धान्त मांडला कीं, जमिनीवर इतका गरीब दिसणारा हा वायु वर चढला म्हणजे अतिनील किरणांनीं फुटतो, आणि त्यांतील क्लोरीन ओझोनचा नाश करीत सुटतो. १९८५ मध्यें तीन ब्रिटिश संशोधकांनीं अंटार्क्टिकावरील ओझोनास पडलेलें खिंडार जाहीर केलें. दोनच वर्षांनीं, १६ सप्टेंबर १९८७ रोजीं, माँट्रियल येथें करार झाला.

भारतानें व चीननें त्यावर सही केली नाहीं. याचा अर्थ आम्ही या विषयांत अडाणी होतों असा कोणी करूं नये. ऑक्सफर्डच्या डॉब्सननें ओझोन मोजण्याचीं आपलीं यंत्रें १९२८ च्या सुमारास जगभर पाठविलीं, त्यांतील एक कोडाइकनालच्या वेधशाळेंत आलें होतें. आणि आमच्या हवामानखात्यांत वाढलेले के. आर. रामनाथन् हे पुढें आंतरराष्ट्रीय ओझोन मंडळाचे अध्यक्ष झाले. आकाश वाचण्याची कुवत होती. नव्हती ती कारखाने बदलण्याची.

करारानें गरीब राष्ट्रांस दहा वर्षांची सवलत दिली होती. ज्या देशांत दरडोई वापर वर्षास तीनशें ग्रॅमांहून कमी, तो देश या सवलतीस पात्र. भारतांतील वापर वीस ग्रॅमांपलीकडे जात नव्हता! ज्यांनीं अर्धें शतक हा वायु मनसोक्त उधळला, त्यांनीं ज्याच्या घरीं अजून फ्रीज आलेला नाहीं त्यास म्हणावें कीं, तूं आतां महागाचा फ्रीज घे. आणि ती महागाई कोणीं सोसावी याविषयीं मोघम शब्दांपलीकडे कांहीं बोलूं नये, असा हा प्रकार होता. मार्च १९८९ च्या लंडन परिषदेंत भारतीय व चिनी प्रतिनिधींनीं हेंच रोखठोक विचारलें. त्यांच्या बाजूस नुसता न्याय नव्हता, बळहि होतें. हीं दोन राष्ट्रें बाहेर राहिलीं, तर करार कागदावरच राहणार होता.

मे १९९० मध्यें अमेरिकेनें वेगळ्या निधीस विरोध केला. आज ओझोनसाठीं दिलें तर उद्यां कार्बन डायॉक्साइडचाहि हिशेब मागतील, ही खरी भीति होती, आणि ती अगदींच खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. जूनमध्यें अमेरिका वळली. महिनाअखेर लंडन येथें भारतातर्फे मेनका गांधी उपस्थित असतां निधि मान्य झाला. तीन वर्षांसाठीं १६ कोटी डॉलर, व भारत आणि चीन आले तर २४ कोटी. चीन १९९१ त आला, भारत १९९२ त.

रकमेहून आम्हांस अटी महत्त्वाच्या वाटतात. ही वर्गणी इतर साहाय्याहून वेगळी, ज्यादा असावी. खर्चाचा जो वाढीव भाग असेल तो भरून द्यावा. आणि गरीब राष्ट्रांची बंधनें पाळण्याची कुवत हें द्रव्य व तंत्रज्ञान यांच्या मिळण्यावर अवलंबून राहील, असें करारांतच लिहिलें गेलें. कार्यकारी समितींत सात सभासद श्रीमंतांचे व सात गरिबांचे. दोन्ही गटांचें बहुमत असल्याखेरीज कोणताहि ठराव संमत होत नाहीं. मात्र हा दाखला इतर पर्यावरणीय प्रश्नांस लागू समजूं नये, अशा अर्थाचें कलम घालून कार्बनचा दरवाजा धूर्तपणें लावून घेण्यांत आला.

निधींतून कारखान्यांचीं यंत्रें बदललीं. पण खरें काम त्याहून लहान जागीं झालें. प्रत्येक देशाच्या सरकारांत या कामाचें एक कार्यालय उघडलें, आयातीचे परवाने सुरू झाले, जकातनाक्यावर टाकी तपासणारे शिपाई तयार झाले, आणि गल्लींतील फ्रीज दुरुस्त करणाऱ्या कारागिरास शिकवावें लागलें. जुना गॅस हवेंत सोडून नवा भरावयाचा, ही त्याची पिढीजात वहिवाट. तो टाकींत परत काढून घेणें ही नवी विद्या. अखेर दम्याच्या औषधापुरता अपवाद ठेवून भारतानें हें उत्पादन १ ऑगस्ट २००८ रोजीं, मुदतीच्या सतरा महिने आधीं, थांबविलें.

यश निर्भेळ मात्र नाहीं. यंत्र मिळालें तरी नवा वायु बनविण्याचें ज्ञान मूठभर कंपन्यांच्या पेटंटांत राहिलें, आणि तें त्या सहजासहजी विकीत ना. शिवाय पर्याय म्हणून आलेले हायड्रोफ्लुओरोकार्बन ओझोनास बाधत नसले, तरी पृथ्वी तापविण्यांत कार्बन डायॉक्साइडच्या शेंकडों, हजारों पटींनीं वरचढ निघाले. २०१८ मध्यें बंद झालेल्या एका जुन्या वायूचा चोरटा उत्सर्ग उघडकीस आला. कोरिया व जपान येथील वेधस्थानांमुळें त्याचा मोठा भाग पूर्व चीनकडून येतो असें ठरलें, व पुढें तो घटला. पहारा ठेवणारे डोळे जवळच असले म्हणजे काय होतें, तें यांत दिसतें. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या स्थितीस २०६६ च्या सुमारास येईल, असा २०२२ चा शास्त्रीय अंदाज आहे.

२०१६ मध्यें किगाली येथें हायड्रोफ्लुओरोकार्बनवरहि बंधन आलें, आणि खर्चासाठीं तोच निधि पुढें केला गेला. भारतानें आपला वापर २०२८ पासून गोठवावयाचा व २०४७ पर्यंत ८५ टक्के उतरवावयाचा आहे. पर्यायी वायूंपैकीं कांहीं ज्वालाग्राही आहेत. तेव्हां चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोंबकळून वातानुकूलन यंत्रांत गॅस भरणाऱ्या त्या कारागिरास आतां पुन्हां शाळेंत बसावयाचें आहे, आणि या खेपेस त्याची चूक झाली तर ती वरच्या आकाशांत नव्हे, त्याच्या हातांतच पेटेल.