डोंगर एकच, वाटा अनेक

शाळेच्या भिंतीवर बहुधा दोन नकाशे शेजारी शेजारी टांगलेले असतात: एक प्राकृतिक आणि एक राजकीय. उत्तर अमेरिकेचा प्राकृतिक नकाशा पाहिला तर पूर्व किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी एक तपकिरी पट्टी दिसते. ती ॲपलेशियन पर्वताची. अमेरिकेतील अलाबामा राज्यातून निघून ती ईशान्येकडे जाते, कॅनडात शिरते आणि थेट न्यूफाउंडलंड बेटापर्यंत पोचते. राजकीय नकाशात मात्र ही पट्टी दिसतच नाही. तेथे मेन या राज्यापाशी एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो.

या पर्वतावरून माणसांनी एक लांब पायवाट आखली. ती कोणत्या नकाशाप्रमाणे आखली गेली असेल? पहिली सत्तर वर्षे राजकीय नकाशाप्रमाणे. पुढे ती सीमा ओलांडून गेली, आणि नंतर समुद्रही. हे कसे घडले ते पाहताना इतिहास, भूगोल आणि भूशास्त्र हे तिन्ही विषय एकाच वाटेवर भेटतात. म्हणूनच ही हकीकत आपल्यासमोर मांडावी असे आम्हाला वाटले.

वाट लांबत गेली

१९२१ साली बेंटन मॅकाय नावाच्या एका वनतज्ज्ञाने वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. शहरात राबणाऱ्या माणसांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून ॲपलेशियनच्या माथ्यावरून एक सलग पायवाट असावी, अशी त्याची कल्पना होती. उत्तरेकडील माउंट वॉशिंग्टन ते दक्षिणेकडील माउंट मिचेल हा त्याने सुचवलेला मुख्य मार्ग. प्रत्यक्षात काम सुरू झाल्यावर वाट दोन्ही टोकांना वाढली. दक्षिणेला ती जॉर्जिया राज्यात गेली आणि उत्तरेला मेनमधील कटाहडिन शिखरापर्यंत. मायरन एव्हरी या मेनच्या वकिलाने आणि अनेक स्वयंसेवकांनी झाडांवर खुणा रंगवत, झुडपे तोडत ती १९३७ साली पूर्ण केली. आज ती १४ राज्यांतून जाते आणि सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वाट वाढवणे ही काही नंतरची टूम नव्हे, ती पहिल्यापासूनच वाढत आली होती. पण कटाहडिनला येऊन ती थांबली. डोंगर मात्र तेथे थांबलेला नव्हता.

१९९४ चा प्रस्ताव

मेन राज्याचे माजी संधारण आयुक्त आणि मत्स्यजीवशास्त्रज्ञ डिक अँडरसन यांना १९९३ मध्ये हाच प्रश्न पडला. पर्वत कॅनडात जातो, तर वाट का जाऊ नये? त्या वेळी जोसेफ ब्रेनन हे मेनच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवीत होते. २२ एप्रिल १९९४ या वसुंधरा दिनी त्यांनी ही कल्पना जाहीर केली. कटाहडिनपासून निघून न्यू ब्रन्सविक आणि क्वेबेक या कॅनडाच्या प्रांतांतून जाणारी ‘आंतरराष्ट्रीय ॲपलेशियन वाट’ करावी, असा तो प्रस्ताव होता. ब्रेनन निवडणूक हरले, पण दोन्ही देशांतील स्वयंसेवकांनी कल्पना सोडली नाही.

जुन्या वाटेचे अधिकृत टोक मात्र कटाहडिनच राहिले. नवी वाट वेगळ्या नावाची आणि वेगळ्या व्यवस्थेची झाली. ती न्यू ब्रन्सविकमधील माउंट कार्लटन आणि क्वेबेकमधील शिक-शोक डोंगर यांवरून गास्पे द्वीपकल्पाच्या टोकाशी, म्हणजे समुद्रापर्यंत जाते. पुढे तिला न्यूफाउंडलंड बेटावरील टप्पाही जोडला गेला.

मार्स हिलचे भांडण

या वाटेवर सीमेच्या अगदी लगत, अमेरिकेच्या बाजूला, मार्स हिल नावाची एक टेकडी लागते. तिची उंची फारशी नाही. इतिहासात मात्र तिने दोन देशांना बरेच झुंजवले.

१७८३ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर पॅरिसचा तह झाला. सीमा ठरवताना मुत्सद्द्यांनी एक वरवर सोपी वाटणारी युक्ती केली. सेंट क्रॉय नदीच्या उगमापासून सरळ उत्तरेकडे रेषा काढायची आणि ती ‘उंच प्रदेशा’ला भिडेपर्यंत न्यायची. उंच प्रदेश कोणता? तर ज्याच्या एका बाजूचे पाणी सेंट लॉरेन्स नदीला मिळते आणि दुसऱ्या बाजूचे अटलांटिक महासागराला, तो. आपल्या भाषेत सांगायचे तर जलविभाजक हीच सीमा.

कागदावर हे चोख होते, पण तो प्रदेश कोणी नीट मोजलेला नव्हता. तेथील पर्वत म्हणजे एक सरळ भिंत नसून विस्कळीत टेकड्या आणि दऱ्या आहेत. ब्रिटिश म्हणू लागले, उत्तरेकडे जाणारी रेषा मार्स हिलपाशी उंच प्रदेशाला भिडते, तेथेच थांबा. अमेरिकन म्हणू लागले, छे, खरा जलविभाजक तर आणखी कितीतरी उत्तरेला, सेंट लॉरेन्सच्या जवळ आहे. मधला विस्तीर्ण, लाकडाने समृद्ध मुलूख कोणाचा, हा खरा प्रश्न होता. १८३१ मध्ये नेदरलँड्सच्या राजाने लवाद म्हणून निर्णय दिला, तो अमेरिकेने मानला नाही. १८३८-३९ मध्ये दोन्हीकडचे लाकूडतोडे आणि सैनिक समोरासमोर उभे ठाकले. सुदैवाने लढाई झाली नाही. अखेर १८४२ मध्ये डॅनियल वेब्स्टर आणि लॉर्ड ॲशबर्टन यांनी वाटाघाटी करून मुलूख वाटून घेतला, आणि सीमेचा बराच भाग सेंट जॉन नदीच्या पात्रातून नेला. या नदीला वोलास्तोक म्हणणारे आणि तिच्या काठी कितीतरी आधीपासून राहणारे वोलास्तोकी लोक त्यामुळे दोन देशांत विभागले गेले.

पाठ्यपुस्तकात आपण ‘नैसर्गिक सीमा’ असा शब्द सहज वापरतो. जणू निसर्गानेच रेषा आखून ठेवलेली असते! मार्स हिलची गोष्ट सांगते की तसे नसते. डोंगर खरा असतो, पण त्याची ‘रेषा’ कोठे धरायची हे माणसे ठरवतात, आणि बहुधा आपल्या सोयीने.

आज या सीमेवरची झाडे तोडून सुमारे सहा मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवलेली असते. तिची देखभाल दोन्ही देशांचा एक संयुक्त आयोग करतो. गंमत अशी की मार्स हिलच्या पुढे ही पायवाट काही अंतर याच पट्टीतून जाते. ज्या मोकळ्या पट्टीने दोन देश वेगळे दाखवले, तीच चालणाऱ्यांच्या उपयोगी पडली. अर्थात मनात येईल तेथून पलीकडे जाता येत नाही. फोर्ट फेअरफील्ड येथील चौकीवर कागदपत्रे दाखवूनच कॅनडात पाऊल टाकावे लागते. २००९ पासून तर या जमिनीवरील सीमेवरही पासपोर्ट किंवा तत्सम अधिकृत ओळखपत्र सक्तीचे झाले आहे.

समुद्राच्या पलीकडे तोच डोंगर

गास्पेच्या टोकाशी किंवा न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाशी उभे राहिले की समोर अटलांटिक महासागर असतो. येथे तरी डोंगर संपला म्हणावे का?

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये भूखंडवहनाची कल्पना मांडली. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जुळवताना आपण केवळ कडा पाहत नाही, छापलेल्या ओळी जुळतात का तेही पाहतो. तसेच खंडांचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेतील ॲपलेशियन आणि स्कॉटलंड व नॉर्वेमधील कॅलेडोनियन पर्वत या अशाच जुळणाऱ्या ओळी. खंड सरकतात कशाने, हे मात्र त्याला पटण्याजोगे सांगता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर असताना त्याचा मृत्यू झाला, तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याचे म्हणणे मान्य केले नव्हते.

१९६६ मध्ये टूझो विल्सन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने पुढचा प्रश्न विचारला. अटलांटिक एकदा मिटून पुन्हा उघडला असेल का? त्याच्यासमोर कोडे होते जीवाश्मांचे. न्यूफाउंडलंडच्या पश्चिम भागातील प्राचीन ट्रायलोबाइट वायव्य स्कॉटलंडमधल्यांसारखे आहेत, पण त्याच बेटाच्या पूर्व भागातील ट्रायलोबाइट इंग्लंड-वेल्समधल्यांशी जुळतात. एका बेटावर दोन वेगळ्या किनाऱ्यांचे प्राणी कसे? उत्तर असे, की आजच्या अटलांटिकच्या आधी तेथे दुसरा महासागर होता. तो मिटताना दोन्ही काठ एकमेकांवर आदळले आणि वली पर्वत उभे राहिले. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी कॅलेडोनियन पर्वत घडले, आणि सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका येऊन भिडल्यावर दक्षिण ॲपलेशियन. पुढे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीपासून हा भूखंड पुन्हा फाटू लागला, पण जुन्या सांध्यावर नेमका फाटला नाही. म्हणून युरोपचा एक काठ अमेरिकेला चिकटून राहिला आणि अमेरिकेचा एक काठ स्कॉटलंडला. त्या हरवलेल्या महासागराला आयपेटस हे नाव मिळाले. ग्रीक पुराणात आयपेटस हा ॲटलासचा पिता, आणि अटलांटिकचे नाव ॲटलासवरून आलेले.

हे ज्ञान हाती असल्याने २०१० च्या सुमारास वाटेच्या कार्यकर्त्यांनी पुढचे पाऊल टाकले. स्कॉटलंड, आयर्लंड, नॉर्वे, स्पेन, मोरोक्को अशा देशांतील संस्था एकेक करून सामील झाल्या. बहुतेक ठिकाणी नवी वाट खणली गेली नाही. आधीच असलेल्या वाटांना हे नाव जोडले गेले. स्कॉटलंडमधील १९८० साली खुली झालेली ‘वेस्ट हायलँड वे’ ही त्यांपैकी एक.

आयर्लंडमधील टप्पा विशेष बोलका आहे. तो पश्चिमेला डॉनेगलमधील स्लीव्ह लीग कड्यांपासून निघतो आणि पूर्वेला लार्न बंदराशी संपतो. डॉनेगल आयर्लंडच्या प्रजासत्ताकात, तर लार्न उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये. १९२१ च्या फाळणीने झालेल्या या सीमेवर अशांततेच्या काळात लष्करी चौक्या होत्या. १९९८ च्या करारानंतर त्या उठल्या. आज चालणाऱ्याला सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. एकाच वाटेवर एक सीमा घट्ट होत गेली आणि दुसरी सैल. डोंगर दोन्हीकडे तसाच.

मग ही वाट खरी का?

चिकित्सक विद्यार्थी विचारेल, ज्या वाटेत महासागर आडवा येतो तिला वाट कसे म्हणावे? शंका रास्त आहे. जॉर्जियाहून निघून मोरोक्कोपर्यंत कोणी पायी जाऊ शकणार नाही. पण जमिनीवरील वाटही नुसती जमिनीवर नसते. जमीनमालकाची परवानगी, दोन सरकारांचे नियम, दरवर्षी झुडपे छाटणारे हात हे सगळे असेल तरच ती टिकते. १७८३ मध्ये मुत्सद्द्यांनी या डोंगराची सीमा करून पाहिली आणि भांडण ओढवून घेतले. दोनशे वर्षांनी काही चालणाऱ्यांनी त्याच डोंगराचा दुवा करून पाहिला. दोन्ही माणसांच्याच निवडी. आमच्या मते दुसरीत डोंगराचा अभ्यास अधिक होता.

वर्गात करून पाहा

एका जाड कागदावर रंगीत पेन्सिलींनी चार-पाच आडव्या रेघा काढा. कागद मधोमध वेडावाकडा फाडा आणि तुकडे दोन गटांना द्या. आधी दोन्ही गटांनी आपापले तुकडे पालथे ठेवून फक्त कडेवरून जुळणी करावी, मग उलटून रेघा जुळतात का ते पाहावे. कोणता पुरावा अधिक बळकट, यावर चर्चा घ्या. मग नकाशा काढून विचारा, आपल्या तालुक्याची हद्द कशावरून ठरली असेल? ओढ्यावरून, डोंगरावरून की रस्त्यावरून? ओढ्याने पात्र बदलले तर हद्द बदलते का? गावातील वडीलधाऱ्यांकडे आणि तलाठी कार्यालयात विचारपूस करायला मुलांना पाठवा. त्यांनी आणलेली उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर मार्स हिलचा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.